उशाशी बसण्याची विद्या

भग्ग देशातल्या सुंसुमारगिरी इथे राहणारा नकुलपिता हा गृहस्थ एकदा मरणाच्या दारी पोचला होता. उशाशी त्याची पत्नी नकुलमाता बसली होती. नवऱ्याचा जीव कशात अडकला आहे हे तिने ओळखले आणि एकेका काळजीला हात घातला. आपल्यामागे पोराबाळांचे काय होईल, घर कसे चालेल, ही पहिली काळजी. तिने सांगितले की सूत कातण्यात आणि लोकर विंचरण्यात तिचा हात बसलेला आहे. ती मुलांना वाढवील, घरही चालवील. ती दुसरा घरोबा करील, ही दुसरी. तिने दोघांनी मिळून पाळलेल्या सोळा वर्षांच्या ब्रह्मचर्याची आठवण दिली. मग ती शीलावर आली, चित्ताच्या शांतीवर आली, धम्मावरच्या आपल्या श्रद्धेवर आली. मन मागे अडकवून मरणे दुःखाचे असते, तसे मरू नका, एवढेच तिचे मागणे होते. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकत बुद्धांकडे गेला. अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे बुद्धांनी त्याला सांगितले.

अंगुत्तर निकायातला हा प्रसंग लहानसा आहे. तरीही मरणासन्न माणसाच्या आध्यात्मिक शुश्रूषेचा विचार करणाऱ्याने तो पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. नकुलमाता भिक्षुणी नव्हती, वैद्यही नव्हती. तिने सुरुवात संसारापासून केली: पैसा, मुले, एकमेकांवरचा विश्वास. साधनेची गोष्ट नंतर आली. अध्यात्म म्हणजे काहीतरी उंचावरचे आणि घरच्या विवंचना म्हणजे त्यातले विघ्न, अशी फोड तिने केली नाही. प्रस्तुत पुस्तक याच क्रमाने चालते, आणि या विषयावरच्या पुष्कळ पुस्तकांहून ते वेगळे ठरते ते इथेच.

विषय असा: आनापानसती (श्वासावर लक्ष ठेवणे), मैत्रीभावना, मरणसती (मरणाचे स्मरण), नामस्मरण, परित्तपाठ (रक्षणासाठी सुत्तांचे पठण) या बौद्ध साधना मरणाच्या वाटेवरच्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना कशा उपयोगी पडतात, कुठे उपयोगी पडत नाहीत, आणि त्या वापरणाऱ्याची स्वतःची तयारी काय असावी लागते. गेल्या चाळीस वर्षांत हा विषय जपान, तैवान, थायलंड, अमेरिका इथल्या रुग्णालयांत आणि विहारांत आकाराला आला. मराठीत मात्र त्याची सलग ओळख करून घ्यायची तर वाचकाला इकडून तिकडून तुकडे गोळा करावे लागतात.

मुळे मात्र आपल्याच मातीत आहेत. विनयपिटकात अतिसाराने पडलेल्या एका भिक्षूची कथा येते. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि बाकीचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून पलंगावर निजवले. मग संघाला त्यांनी बजावले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. एकमेकांची शुश्रूषा तुम्ही केली नाही तर करणार कोण? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळावे. त्याने मैत्रीने सेवा करावी, लाभासाठी नव्हे. मलमूत्र, वांती, थुंकी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि वेळ पाहून धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याला उभारी देता यावी. धम्माचे बोलणे यादीत पाचवे आहे, हे विसरू नये. भांडे उचलायला तयार नसलेल्याने उपदेशाला बसू नये, असाच त्या यादीचा अर्थ घ्यावा लागतो.

मज्झिम निकायात श्रावस्तीचा दानशूर गृहस्थ अनाथपिंडिक याच्या अखेरच्या आजारात सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटायला जातात. वेदना वाढतच आहेत, असे तो सांगतो. सारिपुत्त त्याला डोळा, कान, नाक, जीभ, शरीर, मन यांना आणि त्यांच्या विषयांना एकेक करून न बिलगण्याचा अभ्यास सांगतात. अनाथपिंडिक रडू लागतो. आनंदाला वाटते, याचा धीर खचला. पण त्याचे दुःख वेगळेच असते: इतकी वर्षे सेवा केली, तरी असे बोलणे कधी कानी पडले नव्हते. हे गृहस्थांना सांगत नाहीत, असे उत्तर मिळते, तेव्हा तो विनवतो की गृहस्थांनाही सांगत चला, डोळ्यांत धूळ कमी असलेले लोक त्यांच्यातही आहेत. ही विद्या मठाबाहेर यावी अशी मागणी एका मरणाऱ्या गृहस्थानेच केली होती. तिला पूर्ण उत्तर मिळायला फार काळ लागला.

पुढे बौद्ध धम्म जिथे गेला तिथे मरणाच्या उंबरठ्यावरची सोबत वेगवेगळ्या वळणाने वाढली. श्रीलंकेत पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात मरणसतीचा अभ्यास आठ अंगांनी मांडला. तो निरोगी माणसाने रोज करायचा अभ्यास आहे. खाटेवरच्या माणसासमोर तो उघडून बसू नये. त्याच बेटावरच्या महावंसात दुट्ठगामणी राजाच्या मृत्युशय्येशी त्याच्या पुण्यकर्मांची वही मोठ्याने वाचल्याचे वर्णन आहे. आयुष्यात आपल्या हातून काय चांगले घडले हे मरणाऱ्याला ऐकवण्याची ही पद्धत थेरवादी देशांत टिकून राहिली. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी २००५ मध्ये मरणासन्न रुग्णांसाठी एक उपचारपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्णाला आयुष्याविषयी बोलते करून ते शब्द कागदावर उतरवतात आणि कुटुंबाच्या हाती देतात. त्या पद्धतीला राजाच्या वहीशी काही घेणेदेणे नव्हते. माणसाची गरज मात्र तीच.

चीन आणि जपानमध्ये अमिताभ बुद्धांच्या सुखावती लोकात जन्म मिळावा या आशेभोवती मरणविधींची मोठी परंपरा उभी राहिली. क्योतोजवळच्या हिएइ पर्वतावर गेन्शिन या भिक्षूने ९८५ मध्ये ‘ओजोयोशू’ हा ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी तिथल्या पंचवीस भिक्षूंनी एक मंडळ स्थापन केले. दर महिन्याला एकत्र येऊन नामस्मरण करायचे, आणि आपल्यातला कुणी मरणपंथाला लागला की बाकीच्यांनी त्याची शुश्रूषा करायची, असा त्यांचा करार होता. आजाऱ्याला वेगळ्या वास्तूत नेत, अमिताभांच्या मूर्तीच्या हाताला बांधलेला पंचरंगी दोरा त्याच्या हाती देत, आणि काय दिसते, काय वाटते, हे विचारून टिपून ठेवत. मरणासन्नांची सेवा हे ठरलेले, वाटून घेतलेले, नियमबद्ध काम म्हणून स्वीकारणाऱ्या जगातल्या जुन्या मंडळांत याची गणना व्हायला हवी.

याच परंपरेत एक भीतीही शिरली. शेवटचा विचार शुद्ध नसेल तर सगळे फुकट, असा समज पसरला, आणि वेदनेने कण्हणारा, भान हरपलेला, अचानक गेलेला माणूस दुर्गतीला गेला असे घरच्यांना वाटू लागले. होनेन आणि त्यांचे शिष्य शिनरान यांनी बाराव्या-तेराव्या शतकांत हे ओझे उतरवले. शिनरान यांच्या मते श्रद्धा उमटली त्या क्षणीच माणसाची गती निश्चित होते, त्यासाठी अखेरच्या घटकेची वाट पाहावी लागत नाही. हा वाद जुना म्हणून सोडून देता येत नाही. आजही अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली मुलगी ‘बाबांना शेवटी शांत जाता आले नाही’ म्हणून वर्षानुवर्षे जळत राहते. चांगल्या मरणाचे ठरीव चित्र मनात घेऊन आलेला साधक तिच्या जखमेवर मीठच चोळतो. या पुस्तकात शिनरान यांना दिलेली जागा त्यामुळे मोलाची आहे.

तिबेटी परंपरा जगात सर्वांत अधिक गाजली ती ‘बार्दो थोदोल’मुळे. चौदाव्या शतकात कर्म लिंगपाने प्रकट केलेला, मरण आणि पुढचा जन्म यांमधल्या अवस्थेविषयीचा हा ग्रंथ १९२७ मध्ये काझी दावा समदुप यांच्या भाषांतरातून आणि इव्हान्स-वेंट्झ यांच्या संपादनातून इंग्रजीत आला. पुढे १९९२ मध्ये तिबेटी गुरू सोग्याल रिनपोचे यांचे मरणावरचे पुस्तक निघाले आणि अनेक देशांतल्या परिचारिका, डॉक्टर, स्वयंसेवक त्यातून या विषयाकडे वळले. त्याच गुरूवर २०१७ मध्ये आठ जुन्या शिष्यांनी खुल्या पत्रातून अत्याचाराचे आरोप केले आणि त्यांना संस्थेतून पायउतार व्हावे लागले. हे सांगणे आवश्यक आहे. मरणासन्न माणूस आणि त्याचे कुटुंब यांच्याइतके अगतिक कुणी नसते. त्यांच्याजवळ जाणाऱ्याची विद्वत्ता पाहावी, आणि त्याहून आधी त्याचे शील पाहावे.

आधुनिक वळण आले ते बौद्ध जगाच्या बाहेरून. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्याचे दुखणे शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि आत्मिक असे एकत्र गुंतलेले असते, हा त्यांचा आग्रह होता. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, आणि नियमित वेळाने मॉर्फीन देण्याबाबत तितक्याच काटेकोर. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत पुढे बौद्ध साधक आले.

सॅन फ्रान्सिस्कोत एड्सची साथ होती तो काळ. घरच्यांनी टाकलेले तरुण मरत होते. कास्त्रो वस्तीतल्या झेन केंद्राचे इस्सान डॉर्सी यांनी १९८७ मध्ये अशा रुग्णांना केंद्रातच ठेवून घेतले. त्यातून ‘मैत्री’ हे हॉस्पिस उभे राहिले. डॉर्सी पूर्वी नाइटक्लबांत स्त्रीवेशात नाचत, व्यसनात बुडालेले होते, आणि १९९० मध्ये त्यांनाही एड्सनेच नेले. १९८७ मध्येच त्या शहरात झेन हॉस्पिस प्रोजेक्ट सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी फ्रँक ओस्टासेस्की यांनी स्वयंसेवकांना शिकवलेली पहिली गोष्ट साधी होती: खोलीत शिरण्यापूर्वी थांबा, स्वतःचा श्वास पाहा, आपल्या मनात कसली घाई आहे ते ओळखा. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक जोन हॅलिफॅक्स यांनी सांता फे इथल्या उपाया झेन केंद्रातून डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रशिक्षण उभे केले. तिथे तीन गोष्टींवर भर असतो: आपल्याला सगळे ठाऊक आहे हा समज बाजूला ठेवणे, समोरचे दुःख न टाळता पाहणे, आणि त्यातून सुचेल ती कृती करणे.

इथे या साऱ्या विषयाचा कणा हाती लागतो. बहुतेक वाचक अशी पुस्तके उघडतात ती मरणाऱ्याकडून ध्यान कसे करवून घ्यावे हे शोधायला. प्रत्यक्षात साधना प्रथम उशाशी बसणाऱ्याची असते. मरणाऱ्याकडे शक्ती नसते, वेळ नसतो, अनेकदा शुद्धही नसते. ज्याने निरोगीपणी कधी डोळे मिटून बसून पाहिले नाही, त्याला शेवटच्या आठवड्यात विपश्यना शिकवू पाहणे निर्दयपणाचे आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या मनातली भीती, किळस, थकवा, ‘मी काहीतरी केले पाहिजे’ ही तगमग, यांच्यावर मात्र काम करता येते. त्याचा फायदा रुग्णाला लगेच होतो, कारण खोलीतला एक माणूस तरी घाबरलेला नसतो.

तंत्रांतही विवेक लागतो. श्वासावरचे लक्ष ही सर्वांत प्रसिद्ध साधना, पण फुप्फुसाच्या आजारात ज्याला एकेक श्वास ओढावा लागतो त्याला श्वासाकडे पाहा म्हणणे म्हणजे त्याची घुसमट वाढवणे. तिथे हाताचा स्पर्श, पायांना लागणारी चादरीची ऊब किंवा ओळखीचा आवाज हे आलंबन चालते. अमेरिकेत रिचर्ड बोर्स्टलर यांनी तिबेटी प्रथेवरून प्रचारात आणलेल्या एका पद्धतीत शुश्रूषक रुग्णाच्या श्वासाकडे पाहत राहतो आणि त्याच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर हळू ‘आ’ म्हणतो. रुग्णाला काहीच करावे लागत नाही. नको असेल तर त्याने हात हलवला की पुरे. मैत्रीभावना अनेकांना सोपी जाते. तरी ज्याचे भावाशी तीस वर्षे बोलणे नाही, त्याला सर्वांविषयी मैत्री बाळगा असे सांगण्यापेक्षा भावाला फोन लावून द्यावा.

औषधांचा प्रश्न या क्षेत्रात सतत उठतो. अखेरपर्यंत जागृती राहावी म्हणून काही साधक मॉर्फीन नाकारतात, आणि काही घरांत ते पंचशीलाच्या पाचव्या शीलाविरुद्ध वाटते. पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या मद्यापासून दूर राहण्याचे आहे. दुखणे आवरण्यासाठी मोजून दिलेले औषध त्यात बसत नाही. संयुत्त निकायातला दोन बाणांचा दृष्टांत इथे फार उद्धृत होतो: पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवरच्या तळमळीचा. ध्यानाने दुसरा बाण चुकवता येतो, हे खरे. पण पहिला बाण औषधाने उपटता येत असताना तो तसाच राहू द्यावा, असे त्या सुत्तात कुठेही म्हटलेले नाही. किती गुंगी चालेल हे रुग्णाने शुद्धीत असताना सांगून ठेवावे आणि ते डॉक्टरच्या कागदांत उतरवावे, ही या पुस्तकाची भूमिका योग्य आहे.

आशियातले आधुनिक प्रयोग पाश्चात्त्य प्रयोगांइतके मराठी वाचकाला ठाऊक नाहीत, आणि ते आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे आहेत. जपानमध्ये भिक्षू म्हणजे अंत्यविधी करणारा अशी प्रतिमा इतकी पक्की आहे की चीवर घालून तो रुग्णालयात दिसला तर अपशकुन मानतात. मासाशी तामिया यांनी १९८५ मध्ये ‘विहार’ हा शब्द घेऊन बौद्ध हॉस्पिसची कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये निइगाता प्रांतातल्या नागाओका निशी रुग्णालयात पहिला विहार कक्ष उघडला. २०११ च्या त्सुनामीनंतर तोहोकु विद्यापीठाने निरनिराळ्या धर्मांच्या पुरोहितांना रुग्णसेवेचे प्रशिक्षण देणे सुरू केले. त्यातला पक्का दंडक असा की धर्मप्रचार करायचा नाही, आधी ऐकायचे. तैवानमध्ये २००० साली मरणासन्न रुग्णाला कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क देणारा कायदा झाला, आणि राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या रुग्णालयात भिक्षू-भिक्षुणींना वॉर्डातले प्रशिक्षण मिळू लागले. तिथे मृत्यूनंतर आठ तास देहाला न हलवता नामस्मरण करण्याची प्रथा आहे. अवयवदानाशी तिचा थेट विरोध येतो. त्या पेचातून प्रत्येक कुटुंबाला वाट काढावी लागते. शेवटी देह देणे हेच मोठे दान, असा कौल अनेक भिक्षूंनी दिला आहे. थायलंडमध्ये बुद्धदास भिक्षूंनी नैसर्गिक मरणाची इच्छा सांगून ठेवली होती. १९९३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, तरी बँकॉकच्या रुग्णालयात त्यांच्यावर अनेक आठवडे यंत्रांनी उपचार झाले. अखेर त्यांना स्वान मोख या त्यांच्या आश्रमात परत आणले. त्यावरून देशभर चर्चा पेटली. २००७ च्या आरोग्य कायद्यात असे उपचार आधीच लेखी नाकारण्याची तरतूद आली. भिक्षू पैसाल विसालो यांची शांत मरणाच्या तयारीची शिबिरे त्याच काळात वाढली.

महाराष्ट्राला हा विषय का भिडतो? २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्या पाठोपाठ नवा आचार घडला: त्रिशरण-पंचशील, जलदान विधी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. मृत्यूनंतरचा हा आचार आज गावोगाव रुजला आहे. भारतीय बौद्ध महासभेने तयार केलेले बौद्धाचार्य तो पार पाडतात. मृत्यूच्या आधीचे दिवस मात्र रिकामे राहिले. बौद्धाचार्यांना निरोप जातो तो माणूस गेल्यावर. तोच पंधरा दिवस आधी जावा, ही या पुस्तकातली सर्वांत साधी आणि सर्वांत मोठी सूचना आहे.

इथे एक खरा पेच आहे आणि पुस्तकाने तो टाळलेला नाही. तिबेटी किंवा सुखावती परंपरेतल्या बहुतेक साधना पुनर्जन्माच्या कल्पनेवर उभ्या आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याचे देहांतर नाकारले आणि पुनर्जन्माचा निराळा, बुद्धिप्रामाण्याला धरून अर्थ लावला. तेव्हा आंबेडकरी घरातल्या मरणासन्न माणसाला बार्दोच्या प्रवासाचे वर्णन ऐकवणे हा त्याच्या श्रद्धेचा अनादर होईल. त्याला आधार वाटू शकतो तो बुद्धवंदनेच्या ओळखीच्या सुरांचा, चळवळीत घातलेल्या वर्षांच्या आठवणीचा, दीक्षाभूमीवर आईबापांबरोबर गेलेल्या दिवसाचा, मुलांना शिकवले या समाधानाचा. दुट्ठगामणीच्या वहीत अशाही ओळी बसतात.

मराठी मुलखात या विद्येचे दुसरे धागेही आहेत. विसुद्धिमग्गाचे संपादन करणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. त्या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतात. पण पाली ग्रंथांतले मरणचिंतन त्यांनी केवळ छापून काढले नव्हते, एवढे त्यातून दिसते. सत्यनारायण गोयंका यांच्या इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून लाखो लोक विपश्यनेला बसले. त्यांतले अनेक आता वृद्ध आहेत आणि अखेरच्या आजारात साधना कशी टिकवावी हे विचारत आहेत. पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघाने आनापानसती आणि मैत्रीभावना मराठीतून वस्त्यांपर्यंत नेली. दुसरीकडे, भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. तिथे ख्रिस्ती नन सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची सेवा करतात. मलम लावणाऱ्यांकडे ध्यानाचे बळ जावे आणि ध्यान करणाऱ्यांनी मलम लावायला शिकावे, अशी देवाणघेवाण या दोन प्रवाहांत अजून व्हायची आहे.

आणि काळही बदलला आहे. मॉर्फीन मिळण्यातल्या कायदेशीर अडचणी अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने कमी झाल्या. केईएम रुग्णालयात चार दशके अचेत राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. म्हणजे घराघरांत आता ठरवायची वेळ येते: व्हेंटिलेटर लावायचा की नाही, घरी न्यायचे की नाही. हे प्रश्न रात्री दोन वाजता, सहीसाठी कागद पुढे आल्यावर पडतात. मरणाचा विचार आधी करून ठेवण्याची जी सवय मरणसतीने लागते, तिचा इतका रोकडा उपयोग पूर्वी क्वचितच होता.

प्रस्तुत पुस्तकाचा दावा मर्यादित आहे आणि तो तसाच वाचावा. ध्यानाने आजार बरा होतो असे ते म्हणत नाही. मरणासन्न रुग्णांवर ध्यानाचा परिणाम मोजणारे अभ्यास बहुधा छोटे आहेत, तेव्हा वेदनाशामकाच्या जागी ध्यान असे ते कुठेही सुचवत नाही. बौद्ध नसलेल्या रुग्णाला बौद्ध करू पाहत नाही; वारकरी आजोबांच्या उशाशी बसलेल्या नातीने स्वतःचा श्वास पाहावा आणि आजोबांना हरिपाठ ऐकवावा, इतपत ते मोकळे आहे. लहान मुलांचे मरण, आत्महत्येनंतरचे दुःख आणि स्मृतिभ्रंशातली दीर्घ शुश्रूषा यांना स्वतंत्र पुस्तक हवे, म्हणून ते विषय यात घेतलेले नाहीत.

ते लिहिले आहे घरातल्या शुश्रूषकांसाठी, जिल्हा रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी, आशा सेविकांसाठी, भिक्षूंसाठी आणि बौद्धाचार्यांसाठी. त्यातले सराव एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून करावेत, महिन्यातून एकदा जमून एकमेकांना आलेले अनुभव सांगावेत, अशी त्याची रचना आहे. हिएइ पर्वतावरच्या मंडळाने घालून दिलेली ती रीत. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, पुणे इथल्या विहार समित्यांनी आणि रुग्णालयांतल्या पॅलिएटिव्ह विभागांनी असे गट सुरू केले, तर पुस्तकातली कोणती सूचना खाटेजवळ टिकते आणि कोणती टिकत नाही, हे वर्षभरात कळेल, आणि पुढची आवृत्ती त्या अनुभवांवरून दुरुस्त करता येईल.